ऐरोलीची खाडी आणि वीस लिटरची पेटी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी भावाकडे ऐरोलीला गेले. दारात पाय ठेवला तर भाचा रडवेला होऊन बसलेला. टीव्हीशेजारच्या काचेच्या पेटीत त्याने निमखाऱ्या पाण्यातली कोळंबी पाळली होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, अंगातून पलीकडचे दिसावे इतकी पारदर्शक. सोबत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या चार गोगलगायी. बारा कोळंब्यांपैकी सात गेल्या होत्या. उरलेल्या पाच कोपऱ्यात निपचित, आणि गोगलगायी तर दार लावून घेतल्यासारख्या काचेला चिकटून बसलेल्या. गोगलगायीला खरोखरच दार असते. शंखाच्या तोंडाशी एक कडक झाकण असते, पाणी मानवेनासे झाले की ती ते ओढून घेते.

“आत्या, तू तर विज्ञान शिकवायचीस. सांग ना, कशाने मेल्या?” तो म्हणाला.

निवृत्त शिक्षिकेची अशी परीक्षा कोणी घेऊ नये. पाणी स्वच्छ होते, दुर्गंधी नव्हती, हवेचा पंप चालू होता. नळाचे पाणी तो एक दिवस उघडे ठेवून, क्लोरीन मारणारे थेंब टाकूनच वापरत होता. मीठही स्वयंपाकातले नव्हते. समुद्री मत्स्यपेटीसाठी मिळते ते, म्हणजे ज्यात चुना आणि मॅग्नेशियम असते ते, लिटरला दहा ग्रॅम घातलेले होते. समुद्रात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे हे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. सारे पुस्तकाप्रमाणे. दुकानदाराने एक औषधाची बाटली दिली होती, ती मात्र मी बाजूला ठेवायला लावली. माशांच्या पुष्कळ औषधांत तांबे असते. माशाला जे सोसते ते कोळंबीला आणि गोगलगायीला विष ठरते.

उत्तर सापडले नाही. मग म्हटले, चल, ही मंडळी जिथे राहतात तिथेच जाऊन पाहू.

भावाच्या घरापासून खाडी अगदी जवळ. ऐरोलीला वनखात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, २०१७ साली सुरू झालेले. तिथून बोटीने फ्लेमिंगो दाखवायला नेतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली. बोट आपल्या सोयीने सुटत नाही, भरती-ओहोटी पाहून सुटते. आम्हाला तासभर थांबावे लागले, आणि खरे पाहणे त्या तासातच झाले.

पाणी नुकते चढू लागले होते. काठाच्या चिखलावर निमुळत्या शंखाच्या गोगलगायी इतक्या, की पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडावा. तिवरांची श्वासमुळे चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. त्यांच्या मधून निवट्या उड्या मारत होत्या. काही गोगलगायी पाण्याच्या पुढे पुढे खोडावर सरकत होत्या. भाचा उकिडवा बसून पाहत राहिला.

“आत्या, इथलं पाणी तर सारखं बदलतंय. भरतीला खारट, पावसाळ्यात जवळजवळ गोडं. मग यांना काही होत नाही, आणि माझ्याच का मेल्या?”

प्रश्न बरोबर होता. या जीवांची सोसण्याची ताकद मोठी असते, म्हणून तर ते खाडीत टिकतात. आणि शिवाय ठाण्याची खाडी काही निर्मळ नाही. शहरांचे सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे पाणी तिने वर्षानुवर्षे पोटात घेतले आहे. आपल्या पेटीतले पाणी त्याहून कितीतरी स्वच्छ.

बोट सुटली. वल्हवणारे नव्हे, यंत्रावर चालवणारे. पण चालक जुन्या कोळी वस्तीतले, साठी उलटलेले. फ्लेमिंगो दिसले, पुष्कळ दिसले. त्यांचे वर्णन सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. भाच्याचे लक्ष पक्ष्यांकडे नव्हतेच. त्याने त्या गृहस्थांनाच आपली कहाणी सांगितली.

“पाणी उडालं की काय घालतोस?” त्यांनी विचारले.

“मिठाचं पाणी, काका. बादलीत तयारच ठेवलंय.”

ते हसले. पलीकडच्या मुलुंड-भांडुपच्या काठाकडे हात करून म्हणाले, “तिथं मिठागरं आहेत, ठाऊक आहे ना? खाडीचं पाणी वाफ्यात कोंडायचं, उन्हानं पाणी उडतं, मीठ राहतं. मग परत खाडीचं पाणी घ्यायचं. तू घरात मिठागर काढलंस, बाळा.”

मी शरमले. बाष्पीभवनाचा धडा मी किती वर्षे शिकवला, त्याचा हिशेब नाही.

घरी येताना बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर भाच्याने गणित मांडले. पेटी वीस लिटरची, म्हणजे मीठ दोनशे ग्रॅम. उन्हाळ्यात, वर पंखा चालू, झाकण अर्धे उघडे, म्हणून आठवड्याला दोन लिटर पाणी उडते. उडते ते पाणीच, मीठ नाही. प्रत्येक वेळी दोन लिटर खारे पाणी घातले म्हणजे वीस ग्रॅम मीठ वाढले. सहा आठवड्यांत दोनशेचे तीनशेवीस झाले. लिटरला दहाचे सोळा.

सोळा म्हणजे काही प्राणघातक आकडा नव्हे, खाडीत याहून जास्त होते. पण खाडीत वाढलेले मीठ पुढच्या ओहोटीला, पुढच्या पावसाला उतरते. कोळंबी पाण्याबरोबर सरकते, गोगलगाय खोडावर चढते. पेटीत मीठ नुसते चढतच गेले, आणि सरकायला जागा नव्हती. त्यात कोळंबी वाढताना कात टाकते. जुने कवच गेल्यावर अंग मऊ असते, नवे टणक व्हायला वेळ लागतो. नेमक्या त्या दिवसांत पाणी बिघडलेले असले तर ती टिकत नाही. मेलेल्या सातांपैकी बऱ्याच कात टाकल्यावरच गेल्या होत्या, हे त्याला तेव्हा आठवले.

लगेच गोडे पाणी ओतायला तो धावला, त्याला थांबवले. जे सहा आठवड्यांत चढले ते एका तासात उतरवले, तर उरलेल्या पाचही जायच्या. रोज सकाळी एक तांब्या पाणी काढायचे आणि तेवढेच क्लोरीन गेलेले गोडे पाणी हळूहळू सोडायचे, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले. हायड्रोमीटर आणला. काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावली. पट्टीखाली पाणी गेले की गोडे पाणी घालायचे. खारे पाणी फक्त तेव्हा, जेव्हा जुने पाणी काढून बदलायचे असेल. झाकण पूर्ण बसवले. त्याने पाणी कमी उडते, आणि रात्री बाहेर पडून फरशीवर वाळून जायची गोगलगायींची खोडही थांबते. खाणेही कमी केले. आठवड्यातून दोनदा चिमूटभर, बाकी काचेवरचे शेवाळ त्यांना पुरते. कात मात्र काढायची नाही, तिच्यातला चुना कोळंबी परत खाते.

जूनमध्ये भावाचा फोन आला. गोगलगायी फिरू लागल्या होत्या आणि दगडावर तिळासारखे पांढरे ठिपके दिसत होते. ती अंडी. भाचा आनंदात होता, पिले कधी येणार म्हणून विचारीत होता. पेटीत येणार नाहीत, हे मला सांगावे लागले. या जातीच्या पिलांना सुरुवातीचे दिवस समुद्राच्या पाण्यात तरंगत काढावे लागतात, पेटीत ती वाढत नाहीत.

“मग ती अंडी खाडीत सोडू का?”

नको म्हटले. दुकानातला जीव कुठून आला, सोबत कोणता रोग आणला, आपल्याला माहीत नाही. आणि ते अभयारण्य आहे.

पाचही कोळंब्या जिवंत आहेत. परवा एकीने कात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी ती इतरांबरोबर शेवाळ खरडत होती.