जुना कर्णा आणि कसोटीचा दगड

"जुनें तें सोनें" अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. ती आपण सर्वांनीं ऐकली आहे, आणि बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां वापरलीही आहे. पण ती वापरतांना एक गोष्ट आपण सहसा विसरतों. सोनें झालें तरी सोनार तें कसोटीच्या दगडावर घासल्यावांचून घेत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या गायनवर्गाकरितां जुनी ध्वनिवर्धक यंत्रसामग्री विकत घेण्याचें काम मजकडे आलें, तेव्हां या म्हणीचा बराच विचार करण्याचा प्रसंग आला. त्या खटाटोपांत जें कळलें, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या आईबापांच्या उपयोगीं पडेल असें वाटून येथें लिहीत आहें.

आमच्या शाळेंत पालघर, बोईसर, तारापूर व चिंचणी या बाजूंचीं मुलें येतात. कोणाचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात, कोणाच्या घरीं मासेमारीचा धंदा आहे, कोणी पाड्यावरून पायीं चालत येतें. या मुलांच्या गळ्यांत गाणें आहे. पण वार्षिक संमेलनांत तें चौथ्या रांगेपलीकडे जात नसे. सभागृहांतील पंखे आणि बाहेरच्या रस्त्यावरील मालमोटारी यांच्यापुढें बारा वर्षांच्या मुलीचा आवाज तो किती टिकणार? बरें, मागच्या रांगांत बसणारे कोण? जे कामावरून उशिरां सुटतात, ज्यांस दोन वाहनें बदलून यावें लागतें, तेच. म्हणजे ज्या आईबापांनीं सर्वांत अधिक कष्ट करून मूल शाळेंत घातलें, त्यांच्याच कानीं त्याचें गाणें पडत नसे. यंत्रें दरवर्षीं भाड्यानें आणावीं, तर एका दिवसाच्या भाड्यांत वर्षभराचा सराव होत नाहीं. आणि सरावावांचून माइकपुढें उभें राहिलेलें मूल एक तर कुजबुजतें, नाहीं तर ओरडतें.

सर्वच वाद्यांस यंत्राची गरज असते असें नाहीं. आपल्या जिल्ह्यांतील वारली बांधवांचा तारपा पाहा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्याच सामग्रीवर तो उघड्या माळावर नाचणाऱ्या सबंध फेरास पुरतो. पेटीची गोष्ट निराळी. पॅरिस येथें अलेक्झांद्र दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास ती हातानें भाता चालवून वाजवितां येईल अशी केली, आणि ती भजनांत, कीर्तनांत व आमच्या उपासनेंत रुळली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचीं गीतें पेटीच्या साथीवर गात आमच्या पिढ्या वाढल्या. हीच पेटी आकाशवाणीनें १९४० सालीं बाहेर ठेविली आणि १९७१ सालीं पुन्हां आंत घेतली. वस्तु तीच, तिची किंमत मात्र काळाप्रमाणें खालींवर होते. पण कोणाच्याही मर्जीनें पेटीचा आवाज वाढत नाहीं. लहान मंदिरांत ती पुरते, चारशें माणसांच्या सभेंत पुरत नाहीं. म्हणून यंत्र पाहिजे.

आतां जुनेंच यंत्र कां? एक कारण उघड आहे, तें पैशाचें. दुसरें कारण यंत्राच्या घडणींत आहे. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतों, त्याची रचना अमेरिकेंतील राइस व केलॉग या दोघांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केली. चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें, आणि त्या वेटोळ्यास चिकटविलेला कागदाचा शंकु; विजेच्या लहरींनीं वेटोळें मागेंपुढें हलतें व शंकु हवेस हलवितो. शंभर वर्षें लोटलीं तरी मूळ रचना तीच आहे. जुना संगणक थोड्याच वर्षांत नव्या कामास निरुपयोगी होतो. नीट वापरलेला जुना स्पीकर होत नाहीं. तेव्हां तो घेण्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा असलाच तर तो न तपासतां घेण्यांत आहे.

आमच्यापाशीं तीस हजार रुपये होते. त्यांतले पुष्कळसे पालकांनीं पन्नास-पन्नास, शंभर-शंभर करून दिलेले होते. हा आंकडा ठरतांच कांहीं उत्साही माजी विद्यार्थ्यांनीं सुचविलें कीं मिरवणुकींत वाजणारे मोठे "बेस" व "टॉप" जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळतात, तेच घ्यावे. शाळेचें नांव गांवभर ऐकूं जाईल! त्यांचा हेतु चांगला होता. परंतु मला वाटलें, आपणांस शाळेचें नांव ऐकवावयाचें नसून मुलांचे शब्द ऐकवावयाचे आहेत. जमिनीस कांपविणारा नाद आणि गाण्याचा स्पष्ट शब्द या दोन वस्तु भिन्न आहेत. शिवाय दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. यंत्राची शक्ति दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलनें वाढतो. कानास तो दुप्पट वाटावा, तर शक्ति सुमारें दहापट लागते. उलट मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलनें उतरतो. म्हणून वॅट विकत घेण्यापेक्षां स्पीकर उंच स्टँडवर चढवून मागच्या रांगांकडे वळविणें अधिक स्वस्त व अधिक गुणकारी ठरतें. हें फळ्यावर मांडून दाखविल्यावर त्या तरुणांनींच आपली सूचना मागें घेतली.

प्रथम आम्ही मुंबईस गेलों. ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, ज्याला आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, तो अशा साहित्याकरितां प्रसिद्ध आहे. तेथें फिरून नव्या वस्तूंचे भाव लिहून घेतले. कारण नव्याचा भाव ठाऊक असल्यावांचून जुन्याचा भाव योग्य कीं अयोग्य हें ठरवितां येत नाहीं. शहरांत एका ठिकाणीं जुना अँप्लिफायर पसंत पडला, पण दुकानदार तो चालू करून दाखविण्यास तयार होईना. "चालू आहे, माझ्यावर विश्वास ठेवा," एवढेंच तो म्हणे. आम्हीं त्यास नमस्कार केला व गाडी धरली.

पुढें बोईसर येथील एका मंडपवाल्याविषयीं कळलें. नवरात्र संपलें होतें, आणि प्रकृतीच्या कारणानें तो धंदा आवरता घेत होता. पालघरहून उमरोळी, उमरोळीहून बोईसर. दोनच स्थानकांचा प्रवास. बरोबर नववीचीं दोन मुलें होतीं, आणि एका विद्यार्थ्याचे वडील होते. ते कारखान्यांत विजेचें काम करतात. त्यांनीं आपला मीटर आणिला होता. त्या दुपारीं आम्हीं जें जें केलें तें क्रमानें सांगतों, म्हणजे पुढें कोणास उपयोगीं पडेल.

प्रथम डोळ्यांनीं तपासणी. आपल्या किनाऱ्याची हवा खारट आहे. ती लोखंड व तांबें दोहोंसही खाते. म्हणून पाठीमागचीं जोडणीचीं टोकें गंजलीं आहेत काय, तें पाहिलें. शंकूच्या कडेची पट्टी बोटानें दाबून पाहिली. फोमची पट्टी वर्षांनीं भुरभुरते, कापडाची अधिक टिकते. मग शंकु चार बोटांनीं सारखा दाबून हलकेच मागेंपुढें केला. आंत खरखर झाली तर वेटोळें घासत आहे असें समजावें, व तो स्पीकर सोडून द्यावा. दोहोंपैकीं एकावर आठ ओहम लिहिलेलें होतें, दुसऱ्यावरचें पुसलें होतें. मीटरनें दोन्ही सारखेच निघाले. आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले म्हणजे यंत्रावर चार ओहमचा भार पडतो, आणि अँप्लिफायर चार ओहमपर्यंत चालणारा आहे हें त्याच्या पाठीवर लिहिलेलेंच होतें. तसें नसतें तर आठवड्याभरांत तो तापून बंद पडण्याचा संभव होता.

नंतर कानांनीं तपासणी. कांहींही न वाजवितां यंत्र अर्धा तास चालू ठेविलें. सतत घुमणारा आवाज येतो काय, यंत्र फार तापतें काय, हें अशा वेळींच कळतें; पांच मिनिटांच्या परीक्षेंत सर्व यंत्रें उत्तीर्ण होतात. एकेक कळ फिरवून पाहिली. एक कळ कुरकुरली. ती केवळ धुळीनें, असें पुसल्यावर दिसलें. शेवटीं मुलांपैकीं एकास माइकपुढें पाठ म्हणावयास सांगून आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलों. प्रत्येक शब्द कळला.

माइक पाहतांना जें घडलें, तें या सर्व खरेदींत मला अधिक मोलाचें वाटतें. टोपलींत पुष्कळ जुने माइक होते. त्यांत एक शुअर कंपनीचा एसएम ५८ होता. हा माइक १९६६ सालीं निघाला व आजही गायक वापरतात. म्हणूनच त्याच्या नकला बाजारांत फार. मंडपवाल्यानें तोही नक्कल समजून एक हजार रुपये सांगितले. विजेचें काम करणाऱ्या त्या पालकांनीं त्याचें डोकें उघडून आंतली जोडणी पाहिली, दुसऱ्या माइकांशीं आवाज ताडून पाहिला, आणि मजकडे पाहून मान हलविली. माइक खरा होता. नववींतल्या एका मुलानें हें पाहिलें. तो हळूच मला म्हणाला, "सर, त्यांना सांगायचं का?"

नीतिसूत्रांच्या ग्रंथांत अशा एका गिऱ्हाइकाचें वर्णन आहे, जो दुकानांत वस्तूस नांवें ठेवितो आणि घरीं गेल्यावर आपल्या सौद्याची बढाई मारतो. जुन्या बाजारांत आपण सर्वजण विकणाऱ्याच्या लबाडीस भितों. पण घेणाऱ्याचीही एक लबाडी असते, आणि ती मौनांत लपलेली असल्यामुळें तिला कोणी लबाडी म्हणत नाहीं. मी मुलास म्हटलें, "तूंच सांग."

"काका, हा खरा आहे," मुलगा म्हणाला. मंडपवाल्यानें माइक हातांत घेऊन उलटसुलट पाहिला. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "वीस वर्षं मी हा सनईवाल्यापुढं ठेवत होतो, बाळा. मला कोणी सांगितलंच नाही." पुढें तोच अधिक पैसे घेण्यास संकोचूं लागला, अखेर अडीच हजारांवर ठरलें. निघतांना त्यानें दोन्ही स्पीकर स्वतः टेंपोंत चढविले आणि ते कसे बांधावे हेंही दाखविलें.

पैसा पालकांचा असल्यामुळें हिशोब देतों. दोन बारा इंची स्पीकर नऊ हजार, मिक्सर असलेला अँप्लिफायर साडेआठ हजार, दोन साधे माइक अठराशें, तो खरा माइक अडीच हजार, स्टँड सव्वीसशें, आणि केबल व प्लग बत्तीसशें. एकूण सत्तावीस हजार सहाशें. उरलेले चोवीसशें रुपये दुरुस्तीकरितां बाजूला ठेविले आहेत. यांपैकीं केबल व प्लग मात्र आम्हीं नवे घेतले. बंद पडलेल्या यंत्राचा दोष पुष्कळदां यंत्रांत नसून तुटलेल्या तारेंत असतो. शिवाय जेथें विजेशीं व मुलांच्या हातांशीं संबंध आहे, तेथें जुन्याचा लोभ धरूं नये.

यंत्र घरीं आलें म्हणजे काम संपत नाहीं. स्पीकर नेहमीं माइकच्या पुढें ठेवावा. माइक स्पीकरसमोर आला कीं तोच आवाज फिरून फिरून आंत जातो व किंकाळी उठते. तारप्यास माइकपासून दूर उभें करावें, पेटीस जवळ घ्यावें, आणि लहान मुलांस सर्वांत जवळ. पावसाळ्यांत स्पीकर जमिनीवर न ठेवितां फळीवर ठेवावे. आणखी एक. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोंवतालचा किमान शंभर मीटरचा प्रदेश शांततेचा म्हणून जाहीर करतां येतो. म्हणून आम्ही सराव सभागृहांत, दारें लावून करितों.

यंदाच्या संमेलनांत सहावींतील एका मुलीनें एकटीनें गीत म्हटलें. तिची आजी पाड्यावरून आली होती व अगदीं शेवटच्या बांकावर बसली होती. कार्यक्रम संपल्यावर आजीनें मला गांठलें. गाणें चांगलें झालें असें ती म्हणाली नाहीं. दुसऱ्या कडव्यांत नात एक शब्द चुकली, तो घरीं नीट म्हणत असे, असें ती म्हणाली. मला याहून मोठें प्रशस्तिपत्र नको होतें. चूक कळण्याइतकें तिला ऐकूं आलें होतें.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांपैकीं पुष्कळांस पुढें जुनी सायकल, जुनीं पुस्तकें, जुनें वाद्य विकत घ्यावें लागेल. त्याची लाज बाळगूं नका. वस्तु डोळ्यांनीं पाहा, हातांनीं चाचपा, चालवून घ्या, नव्याचा भाव विचारून ठेवा, आणि जो चालवून दाखवीत नाहीं त्याचें घेऊं नका. एवढें करूनही तुम्हांस विकणाऱ्यापेक्षां अधिक कळलें, तर तें त्यास सांगा. कसोटीचा दगड सोन्यावर घासला जातो खरा. पण तो ज्याच्या हातांत असतो, त्याचीही परीक्षा त्याच वेळीं होत असते.