खाडा

पुण्याला मुलाकडं गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. सूनबाई घरूनच ऑफिसचं काम करत होती. तिच्या मोबाइलवर नातीच्या शाळेचा मेसेज आला. आपल्या पाल्यास खेळताना किरकोळ दुखापत झाली असून प्रथमोपचार केले आहेत, काळजीचे कारण नाही, असा त्याचा मतलब. कुठं लागलं, कशानं लागलं, पोरगी रडतेय का हसतेय, काही पत्ता नाही. 'किरकोळ' हा शब्द वाचूनच सूनबाई उभी राहिली. तिचा चेहरा बघितला आणि मला एकदम आमची आई दिसली, हातोडी टाकून पळणारी.

१९७२ चा दुष्काळ. आमचं गाव माण तालुक्यातलं. चांगल्या सालीसुद्धा आभाळाकडं बघत बसणारं. त्या साली तर विहिरींचे तळ उघडे पडले. रेशनला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी गार झाली की दातानं तुटायची नाही. गावातली धडधाकट माणसं सगळी दुष्काळी कामावर. बाप पाझर तलावाच्या मातीकामाला, आई रस्त्याच्या खडीवर. कामावर सुकडी वाटायचे, ती आई पदराच्या गाठीत बांधून आम्हा पोरांसाठी आणायची.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. दोन गुरुजी, चार वर्ग. मी चौथीत, धाकटा भाऊ पहिलीत. मधल्या सुट्टीत पोरं देवळापुढच्या पारावरून उड्या मारायची. धाकट्यानंही मारली, आणि दगडावर तोंडघशी पडला. भिवईवर खोक पडली. भिवईची जखम एवढीशी असली तरी रक्त लई येतं, हे मला पुढं स्वतः मास्तर झाल्यावर कळलं. त्या वेळी वाटलं, डोळाच गेला. त्याला उचलून मी देवळात आणला.

थोरल्या गुरुजींनी पिण्याच्या घागरीतलं तांब्याभर पाणी घेऊन जखम धुतली. त्या साली तांब्याभर पाण्याची किंमत काय होती, ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. टिंचर लावलं, आपल्या धोतराची पट्टी फाडून बांधली. रक्त थांबलं. धाकटा तर गुळाचा खडा मिळाल्यावर गप बसून चोखायला लागला.

मग गुरुजींनी मला पुढ्यात घेतलं. "जा, आईला सांगून ये. म्हणावं, पोरगं पडलंय, भिवईला थोडं लागलंय, डोळा चांगला हाय. गुरुजींनी पट्टी बांधलीय. काम सोडून येऊ नको. काय सांगशील?" मी म्हणून दाखवलं. त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं, पाढा घ्यावा तसं.

काम दीड कोसावर. मी पाढा म्हणतच पळत सुटलो. अनवाणी, डोक्यावर ऊन. ओढा ओलांडेपर्यंत सगळा निरोप तोंडपाठ होता. पण रांगेनं बसलेल्या बाया दिसल्या, हातोड्यांचा आवाज आला, त्यात आई दिसली, बोटांना चिंध्या गुंडाळलेली, आणि माझा गळाच दाटला. तोंडातून एवढंच निघालं, "आई, बाळ्या पडला." पुढचं सगळं रडण्यात गेलं. त्यातून माझ्या सदऱ्याला पुढून धाकट्याचं रक्त लागलेलं. ते ना गुरुजींच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या.

आईनं काही विचारलं नाही. हातोडी तिथंच टाकली आणि पळत सुटली. मी मागून ओरडतोय, "अगं, डोळा चांगला हाय, डोळा चांगला हाय." तिला कुठलं ऐकू येतंय? वाटेत एकदा ठेच लागून पडली, उठली, परत पळाली. देवळात पोचली तर धाकटा पाटी घेऊन बसलेला. तिनं त्याला उराशी धरलं, आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो मला अजून लागतोय.

टोळीतल्या बायांनी तिच्या वाटणीची खडी फोडून माप पुरं केलं, पण दुपारच्या हजेरीला आई जागेवर नव्हती. कारकुनानं मस्टरवर खाडा मांडला. त्या दिवसाचा पगार गेला. तेवढ्यानं आमच्या घरात दोन दिवस मिलो कमी पडला.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. खाड्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "बाई, चूक माझी झाली. पोराच्या हाती निरोप द्यायला नको होता. चिठ्ठी लिहून द्यायला पाहिजे होती."

आई दाराच्या आडून बोलली, "चिठ्ठी वाचली कुणी असती, गुरुजी? मला न्हाई येत, आन् मुकादमालाबी न्हाई येत." थोडा वेळ गप राहिली. मग म्हणाली, "निरोप नगं. लेकरूच धाडत जावा. चालत आलं म्हंजे मला कळतंय सारं."

गुरुजी काहीच बोलले नाहीत. पुढं शाळेत कुणाला काही लागलं, की पोराला चालवत असेल तर एका मोठ्या पोराबरोबर त्यालाच आईकडं धाडायचे.

हे सगळं अंगावर काढूनसुद्धा मी शहाणा झालो होतो असं नाही. १९८३ साली डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. पंधरा ऑगस्टच्या आधी मैदानातलं गवत काढायला पोरं लावली होती. तिसरीतल्या एका पोराच्या पायात खिळा घुसला. खिळा गंजका. मी उपसून काढला, पाय धुतला, हळद दाबली. आणि त्याला म्हणालो, "किरकोळ आहे. घरी सांगू नको, उगंच ओरडतील." ओरडतील ते त्याला नव्हे, मला, हे मला पक्कं ठाऊक होतं. पोरं कामाला मीच लावलेली.

चौथ्या दिवशी बाप त्याला खांद्यावर घेऊन शाळेत आला. पाय सुजून टम्म झालेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, जखम चिरून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पोरगं वाचलं. पंधरा दिवस लंगडत होतं. बाप माझ्यावर हात उगारेल असं वाटलं होतं. तो बाकावर टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरगं तुम्हाला भितंय, म्हणून बोललं न्हाई. तुम्ही कुणाला भित होता?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितोय.

त्यानंतर शाळा सुटली की लागलेल्या पोराला सायकलच्या मागं बसवायचं आणि त्याच्या वस्तीवर जायचं, हा माझा नेम झाला. सुरुवातीला लोक मला बघून घाबरायचे. गुरुजी दारात आला म्हणजे एक तर पोराची तक्रार, नाही तर जनगणना, नाही तर कुटुंबनियोजनाची केस. "ऑपरेशनचं आसंल तर मालक घरी न्हाईत," असं एका बाईनं मला अंगणातूनच सांगितलं होतं. पोरगं सायकलवरून उतरून आपल्या पायानं घरात शिरलं की मग हसायची. चहा व्हायचा. कशानं लागलं ते मी सांगायचो, माझी चूक असली तरी सांगायचो. शिव्याही खाल्ल्या दोन-चारदा.

पुण्याला सूनबाईनं शाळेला फोन लावला. पलीकडून तेच, किरकोळ आहे मॅडम, काळजी करू नका. ती म्हणाली, "ते ठीक आहे हो, तिला जरा फोनवर द्या." दोन मिनिटं गेली. मग नातीचा आवाज आला. गुडघा खरचटला होता, डब्यातली भेंडी तिनं खाल्ली नव्हती आणि मैत्रिणीला दिली होती. सूनबाई खुर्चीत बसली, भेंडीवरून रागावली, आणि कामाला लागली.

धाकटा आता एस. टी. तून कंडक्टर म्हणून रिटायर झालाय. भिवईत अजून चीर आहे, तिथं केस उगवत नाहीत. रात्री मी त्याला फोन करून हे सांगितलं, तर हसायला लागला. आई जाईपर्यंत त्याला म्हणत होती म्हणे, पगाराचे पैसे हातावर ठेवले की दर वेळी: "ह्यातनं त्या खाड्याचं वळतं करून घेतलंय बरं का मी."