एकाच मुळाचे दोन स्वभाव

परवा ऑफिसातला एक मित्र सोलच्या ऑनसाइटवरून परत आला. चॉकलेटं आणायची सोडून पठ्ठ्याने लाल जिनसेंगच्या पुड्या आणल्या! म्हणे, "शक्तीचं औषध आहे, घरच्यांना दे." आता आमच्याकडे परिस्थिती अशी, की बाबांना मधुमेह आणि पायाची जखम तीन महिने भरत नाहीये. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या मावशीचं दोन वर्षांपूर्वी कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. दोघांनाही हेच द्यायचं? म्हटलं, या विकांताला जरा वाचून बघू.

जखम भरते म्हणजे नक्की काय होतं? वर खपली धरते ते आपल्याला दिसतं. खाली नवीन मांस तयार होत असतं आणि त्याला प्राणवायू पुरवायला जुन्या रक्तवाहिन्यांना बारीक बारीक नवे फुटवे येतात. ड्रेसिंग करताना जे लालसर, दाणेदार मांस दिसलं की डॉक्टर खूश होतात, त्याचा लाल रंग या फुटव्यांचाच! 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन त्यांना वाढायचा निरोप देतं. मधुमेहात नेमकं हेच काम रेंगाळतं.

पण गंमत अशी, की ट्यूमरलाही हीच पाइपलाइन लागते. नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ट्यूमर फार वाढू शकत नाही, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडली. पुढे २००४ मध्ये व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा एक दुष्परिणाम कोणता? जखमा उशिरा भरणं! म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत.

आता जिनसेंग. त्यातल्या मुख्य रसायनांना जिनसेनोसाइड म्हणतात. २००४ मध्येच 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात शिलादित्य सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. अमेरिकन, चिनी, कोरियन आणि सांची जिनसेंग तपासल्यावर त्यांना आरजी-१ आणि आरबी-१ या दोन प्रमुख घटकांचं प्रमाण प्रत्येकात वेगळं सापडलं. आरजी-१ वरचढ असेल तर नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आरबी-१ वरचढ असेल तर अडतात. म्हणजे एकाच मुळात अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही :-)

इथेच थांबलो असतो तर सोपं होतं. पण २००६ मध्ये किमुरा आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या भाजलेल्या जखमांवर हाच 'ब्रेकवाला' आरबी-१ अगदी सूक्ष्म प्रमाणात लावला, तर जखमा लवकर भरल्या! म्हणजे मात्रा बदलली, लावायची जागा बदलली, की निकालही बदलतो. त्यात लाल जिनसेंग हे मूळ वाफवून करतात. वाफवताना आरजी-३ वाढतं आणि तेही रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं. शिवाय तोंडाने घेतलेल्या आरबी-१चे आतड्यातले जीवाणू तुकडे करतात ते वेगळंच. उंदराच्या जखमेवरचा थेंब आणि चहात ढवळलेली पुडी, यांचा हिशेब एक कसा धरणार?

आणि पुडीवर काय लिहिलंय? 'जिनसेंग अर्क' आणि मिलिग्रॅम. कुठला घटक किती, याचा पत्ता नाही. कॉन्फिग फाइल न बघता कुणी प्रॉडक्शनवर कोड टाकतं का?

बाबांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी आधी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" प्रश्न रास्त होता. अमेरिकन जिनसेंगमुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो, हे २००४ च्याच एका चाचणीत दिसलंय. शेवटी बाबांसाठी साखरेवर ताबा, वेळेवर ड्रेसिंग आणि त्या पायावर भार न देणं, एवढंच ठरलं. मावशीला तर पुडी दिलीच नाही.

असो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या ड्रॉवरमध्ये जिनसेंगवाल्या मल्टिव्हिटॅमिनची बाटली असते. ती वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. फक्त ऑपरेशन ठरलं असेल, जखम भरत नसेल किंवा घरात कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर "इतर काही औषधं घेता का?" या प्रश्नाच्या उत्तरात तिचंही नाव घ्या. ते बहुतेक वेळा राहूनच जातं.