उतार

चढ चढणाऱ्या माणसाचें कौतुक सारें जग करतें. उतार उतरणाऱ्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. मींहि कधीं पाहिलें नव्हतें. उताराची स्वतःची अशी एक विद्या असते आणि ती ज्याला येत नाहीं त्यानें निदान दुसऱ्याला उपदेश करूं नये, हें मला कळलें तें वयाच्या ५८ व्या वर्षीं, अमेरिकेंतील यूटा राज्यांत, एका तांबूस खडकाच्या माथ्यावर.

२०१६ च्या ऑक्टोबरांत मी मुलीकडे गेलों होतों. तिला सायकल मींच शिकविली होती. पुण्याला गणेशखिंडीच्या उतारावर तिच्यामागून धांवतांना मी ओरडत असें, "डावा ब्रेक! आधीं डावा!" कारण आपल्याकडे डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा आणि उजव्या हाताचा पुढच्या चाकाचा. उतारावर पुढचें चाक एकाएकीं अडलें, कीं सारी सायकल त्याच्यावरून उलथते आणि बसणारा पुढें फेंकला जातो. सात वर्षांच्या मुलीला हें यंत्रशास्त्र काय समजावणार? म्हणून तें दोन शब्दांचें सूत्र.

यूटांतील मोआब या गांवाजवळ 'स्लिकरॉक' नांवाची वाट आहे. १९६९ सालीं ती मोटारसायकलींसाठीं आंखली गेली; पुढें डोंगरी सायकलवाल्यांनीं ती जगप्रसिद्ध केली. सुमारे साडेदहा मैलांच्या त्या फेरींत पायवाट अशी बहुतेक नाहींच. उघड्या खडकावर पांढऱ्या रंगाच्या तुटक रेघा ओढल्या आहेत, त्यांच्या अनुरोधानें जायचें. वाटेंत प्यायला पाण्याचा थेंब नाहीं. लागेल तितकें पाणी पाठीवर न्यावें लागतें. हा खडक म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वींच्या वाळवंटांतील वाळूच्या टेकड्याच, दगड होऊन राहिलेल्या. 'स्लिकरॉक' म्हणजे निसरडा खडक. नाल ठोकलेल्या घोड्यांचे पाय त्यावरून घसरत, म्हणून हें नांव. रबरी चाकाला मात्र तो कानशीसारखा धरून ठेवतो. त्यामुळें जेथें उभें राहायला मन कचरतें, तेथूनहि सायकल उतरूं शकते.

निघतांना मुलीनें मला बजावलें, "बाबा, इकडे सगळें उलटें आहे. डावा ब्रेक पुढच्या चाकाचा. दोन्ही हलके धरा, अंग सीटच्या मागें न्या, आणि खड्ड्याकडे पाहूं नका. डोळे जातील तिकडे चाक जातें."

पहिला तास बरा गेला. मग एक उतार असा आला, कीं माथ्यावरून पाहतां चार पावलांपुढचा खडक दिसेनासा होई आणि त्यापलीकडे एकदम तळाची वाळूच दिसे. ती पुढें निघाली, कडेवरून खालीं नाहींशी झाली, आणि पुन्हां दिसली ती इतक्या वेगांत, कीं माझ्या तोंडून निघून गेलें, "डावा ब्रेक! डावा!"

तिनें तो दाबला. सहा वर्षें त्या देशांत सायकल चालविणाऱ्या, मला सकाळींच सावध करणाऱ्या त्या मुलीनें तो दाबला. हांक मराठींत होती, बापाची होती, आणि ती ऐकतांना मुलगी सात वर्षांची झाली होती. पुढचें चाक जागच्या जागीं थिजलें.

मी कसा उतरलों हें मला सांगतां येणार नाहीं. सायकल टाकून पायीं उतरणें शहाणपणाचें होतें. पण तें सुचलें नाहीं. माझे डोळे तिच्यावर खिळले होते, आणि चाक डोळ्यांमागून गेलें. तळाच्या वाळूंत मी रुतून थांबलों, तेव्हां ती उठून बसली होती. हेल्मेटला तडा गेला होता आणि मनगट मोडलें होतें. वेदनेनें ओठ आवळून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही छान उतरलांत." ती मला बोलली असती तर बरें वाटलें असतें.

पुष्कळ दिवस मी मनाचें समाधान करीत होतों, कीं मी मायेपोटीं ओरडलों. तें खरें नव्हे. मी भीतीपोटीं ओरडलों. आणि ती भीतिहि तिची नव्हती, माझी होती. तिचें उतरणें मला पाहवेना, म्हणून बावीस वर्षांपूर्वीं बरोबर असलेलें उत्तर मीं तिच्या हातांत कोंबलें. तेथें कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा, हें मला ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. तिनें सकाळींच सांगितलें होतें.

मनगट सांधल्यावर ती पुन्हां त्या वाटेवर जाऊं लागली. निघण्यापूर्वीं कधीं कधीं फोन करते. 'जपून' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत येतो. तो गिळून मी विचारतों, "पाणी पुरेसें घेतलेंस ना?"