बांधिलकी आणि कर्मणी प्रयोग

आम्ही एम.ए. करीत होतो तेव्हा 'साहित्य आणि सामाजिक बांधिलकी' हा प्रश्न हमखास विचारला जाई. सार्त्रपासून आरंभ करावा, साठोत्तरी साहित्यावर यावे, दलित साहित्यापाशी स्थिरावावे आणि लेखक कोणाशी बांधील असतो या पेचात वाचकाला सोडून द्यावे, असा त्या उत्तराचा ठरलेला मार्ग होता. पेच खरा होता, कारण त्यासाठी माणसांनी मैत्र्या तोडल्या होत्या. आज वर्गात हा शब्द उच्चारला की मुलांच्या डोळ्यांपुढे लेखक येत नाही. येते ती कंपनी, आणि तिने दिलेल्या बाकांवरची पाटी.

हे आमच्या ध्यानात आले ते एका प्रकल्पवहीमुळे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासासाठी आम्ही दोघांनी मिळून तृतीय वर्षाच्या वर्गाला काम दिले होते: आपापल्या गावच्या वाटेवर दिसणारे सार्वजनिक मजकूर जसेच्या तसे उतरवून आणावेत. भोर तालुक्यातील शिवऱ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने कात्रजचा घाट उतरल्यापासून घरापर्यंतचे सारे फलक उतरवले. शिंदेवाडी, वेळू, खेड शिवापूर आणि पुढे शिवरे. शिवगंगेचे हे खोरे ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाहिले आहे त्यांना भातखाचरे आठवतील. खाचरे अजूनही आहेत, पण सातारा रस्त्याच्या कडेने गोदामे, कारखाने, ढाबे आणि 'एन.ए. प्लॉट' यांची रांग लागली आहे. वृत्तपत्रांतली कात्रणे आणि तलाठी कार्यालयातल्या नोटिसाही त्याने वहीत चिकटवल्या होत्या. आम्ही त्या मागितल्या नव्हत्या. त्याच्या या आगाऊपणाबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

वही तपासताना एक गोष्ट खटकली, आणि ती नीतिशास्त्राची नव्हे, व्याकरणाची होती. जिथे काही दिले गेले आहे तिथे कर्ता ठळक अक्षरांत आहे. अमुक कंपनीने आपल्या सामाजिक बांधिलकी निधीतून शाळेस जलशुद्धीकरण यंत्र भेट दिले. हस्ते अमुक, उपस्थिती तमुक. बोधचिन्हासकट. आणि जिथे काही घेतले गेले आहे तिथे कर्ता नाहीच. जमीन संपादित करण्यात आली. ओढा वळविण्यात आला. डोंगर फोडण्यात आला. मराठीच्या नवीन कर्मणी प्रयोगात कर्त्याला 'कडून' लागते, हे आपण शाळेत शिकलो. ते 'कडून' कर्त्यासह गाळले तरी वाक्य शुद्धच राहते, ही सोय कोणाच्या किती उपयोगाची आहे, ते मात्र शाळेत शिकवीत नाहीत.

कायद्याची वाक्यरचनाही आम्ही मग वाचली. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मूळ तरतुदीनुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक, तिने मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशी विषयांची यादी जोडलेली आहे आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. ज्या शाळेत मुले गोणपाटावर बसत होती तिथे बाके आली, तर ती बाके खरीच असतात. पण हिशेब सुरू होतो तो नफ्यापासून. नफा हातात आला, आता त्यातले काय द्यायचे, एवढेच हे कलम विचारते. तो आला कसा, हा प्रश्न इतर कायद्यांकडे, म्हणजे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याकडे, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याकडे, सोपवलेला आहे. आपले सांडपाणी शुद्ध करून सोडणे ही बांधिलकी नव्हे, तो धंद्याचा नित्य भाग, बांधिलकी त्यानंतरची. 'बांधील' या शब्दाचा असा अर्थ आमच्या प्रश्नपत्रिकेत कोणी लिहिला असता तर आम्ही लाल रेघ ओढली असती.

शिंदेवाडीचे कात्रण त्या वहीत होते. जून २०१३ मध्ये पहिल्याच जोरदार पावसात, बेकायदा डोंगरफोडीने वाट बदललेले पाणी तिथे महामार्गावर उतरले आणि माय-लेकी वाहून गेल्या. त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, वर सांगितलेला कायदा संसदेत संमत झाला. दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. तोच मुद्दा आहे. डोंगर फोडणाऱ्यांची उलाढाल १००० कोटींच्या आसपासही जाणारी नसते. गटाचा मालक, मध्यस्थ, पोकलेनवाला, मुरूम वाहणारा ट्रक, भराव टाकून घेणारा प्लॉटधारक असा हा कर्ता तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो.

या डोंगररांगांपलीकडे, मुळशीत, शंभर वर्षांपूर्वी तो विखुरलेला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटा कंपनीला तिथे धरण हवे होते. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये जमिनी घेऊन दिल्या आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याला कायमचे जोडले गेले. राजेंद्र व्होरांचे 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे असे आहे, कारण त्यात नायक-खलनायकांची सोपी वाटणी नाही. पुण्यातल्या ज्या सावकारांकडे जमिनी होत्या ते नुकसानभरपाईवर राजी झाले, कसणाऱ्या मावळ्यांचे काय ते नंतर. आणि समोर कोण होते? ज्या घराण्याच्या दानातून बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ साली उभी राहिली, तेच. ते दान खरे होते आणि बुडालेली गावेही खरी होती. मुळशीचे पाणी आजही पूर्वेच्या आपल्या खोऱ्यात न उतरता सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजगृहात पडते. 'जान किंवा जमीन' म्हणणाऱ्यांनी भरपाईचा दर वाढवून मागितला नव्हता. त्यांच्या वाक्यात कर्ता होता आणि त्याचे नाव ते उघड घेत होते.

वर्गात आम्ही प्रयोग-परिवर्तन करायला सांगितले. 'डोंगर फोडण्यात आला' हे वाक्य कर्तरी करा. फळ्यावर उत्तरे येत गेली. कंत्राटदाराने फोडला. जमीनमालकाने फोडला. सरकारने फोडू दिला, असे एकीने लिहिले, आणि हे परिवर्तन व्याकरणात बसते का यावर आमची दोघांचीच जुंपली. शिवऱ्याचा विद्यार्थी गप्प होता. त्याच्या आजोबांनी रस्त्याकडेचे वावर विकले, तिथे गोदाम झाले आणि त्याच गोदामाचा टेम्पो त्याचे वडील चालवतात, हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून त्याला उठवावे की नाही या विचारात होतो. तो आपणहून उठला. "सर, मुरूम आमच्या घराच्या जोत्यात पण आहे," एवढेच म्हणाला आणि बसला. कोणी हसले नाही. तास संपायला दहा मिनिटे होती. ती आम्ही हजेरी घेण्यात घालवली.

त्या वहीतले शेवटचे छायाचित्र आम्ही संध्याकाळी पाहिले. गेल्या वर्षी पर्यावरण आणि मराठी साहित्य या विषयावर आम्ही जे चर्चासत्र भरवले होते, त्याचा फलक. खाली उजवीकडे एका कंपनीचे बोधचिन्ह आणि 'यांच्या सौजन्याने'. पैसे घेण्यापूर्वी त्या कंपनीविषयी आम्ही काहीही विचारले नव्हते. कापडी पिशव्या उत्तम होत्या, निबंधांना मानधन देता आले, जेवणही बरे होते. छायाचित्राखाली विद्यार्थ्याने काही टीप लिहिलेली नव्हती.

महाविद्यालयाकडे आम्ही सादर केलेले चर्चासत्राचे इतिवृत्त मग कपाटातून काढले. ते आम्ही दोघांनीच लिहिले होते. तिसऱ्या पानावर वाक्य आहे: 'सदर उपक्रमास अर्थसाहाय्य प्राप्त झाले.'