मधली दांडी

घरात थोरल्याला मान असतो, धाकट्याचे लाड होतात आणि मधल्याच्या वाट्याला बहुधा निरोप पोचवण्याचे काम येते. मी स्वतः तीन भावांतला मधला. त्यामुळे मोटारसायकलच्या इंजिनातही असाच एक मधला असतो हे जेव्हा मला कळले, तेव्हा त्याच्याविषयी उगाचच आपुलकी वाटू लागली. त्याचे कागदोपत्री नाव पुशरॉड. धुळ्याचे आमचे मिस्त्री त्याला नुसते 'दांडी' म्हणतात. वीतभर लांब, करंगळीहून बारीक, दिसायला स्वयंपाकघरातल्या फुंकणीची धाकटी बहीण! पण तिची लांबी किती असावी या एका प्रश्नापायी आमच्या घरातली तीन माणसे महिनाभर झोपेत आकडे बडबडत होती.

गाडी आमच्या थोरल्या दादाची. १९९४ साली त्याने पगारातून पैसे साठवून बुलेट घेतली आणि तिच्यावर बसून सारे खानदेश पालथे घातले. २०२१ साली दादा गेला. गाडी ओसरीला उभी राहिली, तिच्यावर धुणे वाळू लागले. पुतण्याचे लक्ष पुस्तकात नव्हते. डिप्लोम्याला गणितात दोनदा अडकला आणि एक दिवस कोणाला न सांगता धुळ्याच्या एका गॅरेजात जाऊन हात काळे करू लागला. नातेवाईक म्हणाले, गाडी विकून टाका, चार पैसे येतील. गिऱ्हाईकही दारी येऊन गेले. तेव्हा पोरगा म्हणाला, "एकदा मला नीट करू द्या. मग खुशाल विका." त्याच्या मिस्त्रींनीही अट घातली : काम सगळे पोराने करायचे, आपण फक्त बघणार. जमले तर त्याला कायमचा ठेवून घेऊ, नाही तर त्याने आपली वाट धरावी.

वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जरा जाऊन बघा. पोरगं तिथं काय करतंय ते मला तरी कळत नाही."

मला तरी कुठे कळत होते? माझे शिक्षण मॅट्रिकचे. शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवावे आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, एवढेच माझे भांडवल. पण शाळेला दिवाळीची सुटी लागायच्या बेतात होती. तेव्हा दर रविवारी जळगावहून एरंडोल, पारोळा करीत एस.टी.ने मी धुळ्याला जाऊ लागलो.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात. त्यामुळे इथल्या मिस्त्र्यांच्या हाताखालून चारी दिशांची इंजिने गेलेली असतात. आमचे मिस्त्री सत्तरीला टेकलेले, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा, बोलणे अर्धे हिंदी आणि अर्धे अहिराणी. पोरे त्यांना चाचा म्हणतात. मला पाहताच त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि विचारले, "काय व्हयनं गुरुजी? पोराचा पेपर तपासायला आले का?"

इथे वाचकांसाठी थोडा धडा घेणे भाग आहे. भीती नको, परीक्षा नाही.

इंजिन श्वास घेते. हवा आणि पेट्रोल आत घ्यायला एक दार आणि धूर बाहेर टाकायला दुसरे. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. ती असतात वर, इंजिनाच्या डोक्यात. ती केव्हा उघडायची हे ठरवणारा कॅम मात्र खाली पोटात असतो. कॅम म्हणजे एका बाजूला नाक काढलेली चकती. ती फिरते, नाक वर आले की तिच्यावर टेकलेला टॅपेट उचलला जातो, टॅपेट दांडीला ढकलतो, दांडी रॉकरला ढकलते आणि रॉकर सी-सॉसारखा कलून व्हॉल्व्ह दाबतो. ज्यांच्या वाडवडिलांच्या विहिरीवर जुने डिझेल इंजिन होते त्यांना बाजूला उघड्यावर खालीवर नाचणाऱ्या दोन दांड्या आठवत असतील. त्याच त्या. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन हजार वेळा उघडतो. म्हणजे सेकंदाला तेहतीस वेळा ही दांडी खालचा हुकूम वर पोचवते.

१९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया निघाली आणि तेव्हापासून कित्येक दशके बुलेटच्या पोटात हेच चालले. आता ही दांडी इतिहासजमा होऊ लागली आहे. २०२० साली आलेल्या मीटिअरच्या इंजिनात कॅम थेट वर डोक्यातच जाऊन बसला आणि २०२३ साली बुलेटलाही तेच इंजिन मिळाले. हुकूम देणारा शेजारीच राहायला आल्यावर निरोप्याची गरज काय? पण देशभर ओसऱ्यांतून, गोठ्यांतून जुन्या बुलेटी उभ्या आहेत आणि त्यांच्यात अजून मधल्याचेच राज्य आहे.

दादाच्या गाडीच्या कॅमची नाके झिजून बोथट झाली होती. पोरगा म्हणाला, बदलायचेच तर जरा दमदार टाकू, लळिंगच्या घाटात गाडी धापा टाकते. दार जास्त उघडले की श्वास मोठा, श्वास मोठा की दम जास्त, हे त्याचे गणित बरोबर होते. त्याने न झिजलेल्या कॅमची एक जोडी मिळवून ती एका कारागिराकडून उंच उचलीची घासून आणली.

मला प्रश्न पडला : घासल्याने वस्तू कमी होते, मग नाक उंच कसे होते? चाचांनी त्याचे उत्तर फार सुंदर दिले. गॅरेजमागच्या मातीच्या ढिगाकडे बोट करून ते म्हणाले, "गुरुजी, ही टेकडी उंच करायची आहे आणि वरून माती टाकायला बंदी आहे. काय कराल? आजूबाजूची जमीन खोदाल!" कॅमचेही तसेच. नाक तेवढेच ठेवून बाकीची चकती घासायची. नाक आपोआप उंच ठरते. पण जमीन खाली गेली म्हणजे तिच्यावर उभा असलेला टॅपेटही खाली गेला आणि त्याच्या डोक्यावरची दांडी रॉकरपर्यंत पोचेनाशी झाली.

झाले! दांडीचा प्रश्न इथे जन्माला आला.

दांडी आखूड पडली तर मध्ये पोकळी राहते. प्रत्येक हुकुमाला आधी खट्ट असा आवाज, मग काम. शिवाय उघडायचे दार पुरते उघडत नाही. दांडी लांब झाली तर त्याहून वाईट. आवाज काही येत नाही, पण दार कधी पुरते मिटतच नाही. त्या फटीतून आगीची ज्वाळा निसटत राहते आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते. आई आणि बायको यांच्यामध्ये उभ्या असलेल्या गृहस्थाला हे निराळे सांगायला नको. कमी बोलला तर घरात भांडी वाजतात, जास्त बोलला तर दार लागत नाही.

जुन्या बुलेटच्या दांडीला खालच्या टोकाशी एक स्क्रू असतो. तो फिरवून लांबी थोडी कमीजास्त करता येते. आमच्या दांड्यांचे आटे गेलेले होते, म्हणून लेथवर नव्या करून घ्यायच्या होत्या. पोराने कागदावर हिशेब मांडला : कॅमची त्रिज्या दीड मिलिमीटरने कमी झाली, तेव्हा दांडी दीड मिलिमीटरने लांब. मी तो तपासला. त्रैराशिकात चूक नव्हती. त्याने कागद चाचांपुढे ठेवला.

चाचांनी चष्मा वर केला. "हे कॅमचं झालं. इंजिनाला विचारलंस का?"

पोरगा गप्प. चाचांनी एक जुनी दांडी काढून दिली. ती मधोमध कापून तिच्यात बारीक आट्याचा बोल्ट बसवला होता. फिरवली की लांब, उलटी फिरवली की आखूड. मापाची दांडी. पोराने इंजिन हाताने फिरवून अशा जागी आणले की दोन्ही दारे मिटलेली आणि दोन्ही टॅपेट कॅमच्या सपाट पाठीवर. मग मापाची दांडी आत घालून हलके हलके लांब केली. शेवटी ती बोटांत गोल फिरत होती, पण खालीवर हलत नव्हती. बाहेर काढून व्हर्नियर लावला. पुन्हा घातली, पुन्हा काढली. चाचांच्या गॅरेजात एकदा घेतलेल्या मापाला माप म्हणत नाहीत. तिसऱ्यांदा तोच आकडा आला तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

जुन्या मापापेक्षा फक्त अर्धा मिलिमीटर जास्त. दीड नव्हे, अर्धा!

मिलिमीटरभर माप गेले कुठे? हा शोध दोन रविवार पुरला. इंजिन उघडले तेव्हा हेडचा तळ सपाट करायला लेथवर ०.४ मिलिमीटर घासला होता, म्हणजे सगळे डोकेच तेवढे खाली आले. व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या बैठकी नव्याने कापल्या, तेव्हा व्हॉल्व्ह ०.६ मिलिमीटर आत गेले आणि त्यांची शेपटे तेवढीच वर आली. शेपूट वर म्हणजे रॉकरचे ते टोक वर, म्हणजे दांडीकडचे टोक खाली. रॉकरचे दोन्ही हात सारखे धरले तर दीडातून चार दशांश आणि सहा दशांश गेले, राहिले अर्धा. पोराने हा हिशेब भिंतीवर कोळशाने मांडला. डिप्लोम्यात ज्याला गणित दोनदा हुलकावणी देऊन गेले, त्याच्या हाताखाली वजाबाकी कशी निमूट उभी राहिली होती!

मी विचारले, "चाचा, स्क्रू आहेच की. मिलिमीटरभर लांब झाली असती तर आत फिरवून भागलं नसतं का?"

"आज भागलं असतं," ते म्हणाले. "पण व्हॉल्व्ह रोज थोडा थोडा बैठकीत रुततो. शेपूट वर येत जातं. दांडी हळूहळू आखूड करत जावं लागतं. स्क्रू आजच तळाला लावला तर पुढच्या वर्षी काय फिरवाल? स्क्रू झीज भरायला असतो गुरुजी, आळस झाकायला नसतो."

हे वाक्य मी शाळेच्या फळ्यावर लिहिण्याचा विचार केला होता. मग म्हटले, हेडमास्तर काय म्हणतील!

पुढची तपासणी पाहताना मला बालवर्गाची आठवण झाली. पोराने व्हॉल्व्हच्या शेपटाला शाई लावली, इंजिन हाताने फिरवले आणि रॉकरने शाई कुठे पुसली ते पाहिले. रेघ मधोमध उमटली. व्हॉल्व्ह अर्धा उघडला असताना रॉकर त्याच्याशी काटकोनात हवा. तसे असले की घासणे कमीत कमी होते, कड झिजत नाही. मग पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातली रंगीत माती चिकटवून हेड बसवले, इंजिन दोन फेरे फिरवले आणि पुन्हा उघडले. उंच उचलीचा व्हॉल्व्ह खाली येऊन पिस्टनला धडकला तर सगळा खेळ खलास. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. तिथे उरलेल्या मातीची जाडी म्हणजे दोघांमधले अंतर. आत घेणाऱ्या बाजूला निदान दोन आणि धूर टाकणाऱ्या बाजूला अडीच मिलिमीटर असावे असा रिवाज आहे. आमचे दोन्हीकडे त्याहून थोडे जास्तच भरले.

हे सगळे थंड इंजिनावर. कारण तापले की सगळेच वाढते आणि प्रत्येक धातू आपापल्या स्वभावाने वाढतो. २०० मिलिमीटरची अॅल्युमिनियमची दांडी ८० अंशांनी तापली तर सुमारे ०.३७ मिलिमीटर लांबते. पोलादाची त्याच्या निम्मी. म्हणून माप घ्यायचे ते रात्रभर निवलेल्या इंजिनाचे. रागाच्या भरात घेतलेली मापे माणसांचीही खरी नसतात.

त्या महिन्यात मला एक गोष्ट उमगली. दांडीचे 'योग्य माप' असे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नसते. कॅम तोच, गाडी तीच, तरी शेजारच्या बुलेटला आमची दांडी बसणार नाही. कारण तिचे डोके वेगळे घासलेले, तिच्या बैठकी वेगळ्या रुतलेल्या. प्रत्येक इंजिनाने काय काय सोसले आहे त्याची बेरीज-वजाबाकी अखेर या मधल्या दांडीत येऊन ठरते. वर्गात चाळीस पोरे समोर बसलेली असतात. प्रत्येकापर्यंत पोचायला किती लांबी लागेल हे आता मी जरा थांबून पाहतो.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू झाले. चाचांनी लाकडी दांडक्याचे एक टोक रॉकरच्या झाकणाला आणि दुसरे कानाला लावून बराच वेळ ऐकले. मग दांडके पोराच्या हातात दिले आणि म्हणाले, "उद्यापासून सकाळी नऊला येत जा. आधी झाडून घ्यायचं."

काका-पुतणे आम्ही पारोळ्यामार्गे जळगावला आलो. दुतर्फा कपाशी फुटली होती. गाडी ऐंशीनेही थरथरत नव्हती. अंगणात येऊन उभे राहिलो तरी घरातून कोणी बाहेर आले नाही. वहिनी आत अनारसे तळत होत्या. पोराने हाक मारली तेव्हा झारा हातात घेऊनच दाराशी आल्या आणि चालू इंजिनाकडे बघत उभ्या राहिल्या.

"आली केव्हा? कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांची गाडी पार कोपऱ्यापासून खडखडत यायची. चहाचं आधण ठेवायला तेवढा वेळ मिळायचा मला."

पोराचा चेहरा उतरला. खडखड घालवायला त्याने महिना घातला होता. वहिनींच्या ते ध्यानात आले असावे. पदराने टाकीवरचा धुळीचा पट्टा पुसत त्या म्हणाल्या, "असू दे. छान झालीये. आता विकायची वगैरे भाषा कोणी काढायची नाही. तू फक्त एरंडोलहून फोन करत जा, म्हणजे मी आधण ठेवीन."