एकटा माणूसही गिऱ्हाईकच असतो

रविवारी दुपारी लोणावळ्यात एकट्यानं जेवायला जाऊन बघा. दारातच प्रश्न येतो, "किती जण?" एक बोट वर केलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. जागा मिळते ती बेसिनशेजारी, नाहीतर स्वयंपाकघराच्या दाराला लागून.

मी औंढ्यात राहतो. बातम्यांसाठी दिवसभर फिरणं, त्यामुळे आठवड्यातनं तीन-चारदा बाहेरच जेवण, तेही एकट्यानं. गेल्या पावसाळ्यात एका हॉटेलात (नाव घेत नाही) माझी थाळी अर्धी झाली होती. सहा जणांचं कुटुंब आलं, तसा मॅनेजर म्हणाला, "साहेब, जरा तिकडं बसता का?" मी म्हणालो, जेवण झालं की उठतो. त्यानंतर पोळी काही आली नाही. बिल मात्र न मागता आलं.

मालकांची अडचण मला कळते. कमाईचे दिवस दोनच, शनिवार-रविवार. चार खुर्च्यांचं टेबल एका थाळीवर अडकलं तर नुकसान होतंच. पण त्यावर जुना उपाय आहे. उडुपी हॉटेलात, इराण्याकडं अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसत आलीत. "शेअरिंग चालेल का?" एवढं विचारा ना!

आणि हा एकटा जेवणारा असतो कोण? ड्रायव्हर, एमआर, बदली होऊन आलेला बँकेतला क्लार्क, ड्युटी संपवून निघालेली नर्स. पर्यटक रविवारी रात्री घाट उतरतो. मंगळवारी दुपारी तुमच्या गल्ल्यात पैसे टाकतात ती हीच माणसं. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी तर घरदार गावाकडं ठेवून आलेल्या एकट्या कामगारांवरच चालल्या. त्या चालवणाऱ्या बायकांना घेऊनच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

बाई एकटी असेल तर आणखी वेगळं. "अजून कोणी येणार आहे का?" हे दोनदा विचारतात. घटनेच्या कलम १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही हॉटेलात मज्जाव करता येत नाही. 'एकटा' हा शब्द त्या यादीत नाही, मान्य. पण एकटा पुरुष चालतो आणि एकटी बाई चालत नाही, तर तो भेदभाव बाई म्हणूनच झाला की नाही?

बिलाचंही तेच. चौघं असले की एखादा तरी बिल वाचून बोलतो. एकट्याला वाटतं, कशाला तमाशा. तर लक्षात ठेवा, सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तसे निर्देश काढले, दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवले. बिलात लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आपल्या भागातल्या हॉटेलवाल्यांना सांगणं एवढंच. गर्दी असेल तर दारातच सांगा, आम्ही थांबू. दुसऱ्यासोबत बसवा, बसू. पण एकदा वाढलं की जेवू द्या. भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, हे तुम्हालाही घरी शिकवलेलंच आहे.